हळूबाईची खुर्ची

तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही!

आपली हळूबाई आहे ना, देशोदेशीच्या बातम्यांच्या ऑफिसात काम करते ती? हे नाव तिला तिथेच पडलं. दोघांकडून पक्कं केल्याशिवाय बाई बातमी सोडतच नाही. दोन वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर काढली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला मधली खुर्ची मिळाली. मधली म्हणजे काय, तर ताजी बातमी जगाला सांगायचं बटण जिच्या हाताशी, ती खुर्ची! नवा शर्ट घालून गेली होती पठ्ठी.

आणि दुपारी भिंतीवरच्या सगळ्या पडद्यांवर लाल पट्ट्या. प्रवासी बोट उलटली. एका चॅनेलने तर टाकूनही दिलं, सगळे बुडाले.

शेजारी बसतो तो तुफान. तो ओरडला, "अगं टाक ना! मुहूर्त बघतेस का?"

"त्यांना कोणी सांगितलं? सांगणाऱ्या एकाचंही नाव नाही दिलेलं."

"हळूबाई, तुझ्यामुळे आपण जगात शेवटचे येणार."

पण उलटलेली बोट ज्या बंदरातून सुटली होती, तिथल्याच एका बोटीवर तिचा सख्खा मामा इंजिन सांभाळतो. हीच ती बोट असली तर?

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मामा!

"भाचे, जिवंत आहे गं मी! सगळे जिवंत आहेत! वाळूच्या पट्ट्यावर बसलोय. चाळीस जणांना मी एकट्याने ओढून काढलं!"

तिला एकदम रडू आणि हसू. आणि मग घाम. कारण मामा कसा, तर घरात मांजर शिरलं तरी वाघ शिरला म्हणून सांगणारा. वर ऑफिसचा नियम, आपलं माणूस ज्या बातमीत, त्या बातमीवरून आपण उठायचं. पण विचार कर ना, अख्ख्या जगात ही बातमी फक्त हिच्याकडे! हिचं बोट बटणावर. मामा कोण, कोणाला कळणार होतं?

मागून बॉसबाईंनी विचारलं, "काही लागलं का हाताला?"

हिने बोट उचललं आणि उठून उभी राहिली. "मॅडम, बोटीवरून फोन आहे. पण माझा मामा आहे तो. मी उठते."

तुफान बघतच राहिला. बॉसबाई त्याला म्हणाल्या, "बघतोस काय? बस तिथे."

त्याने मोबाईल घेतला. "मामा, जरा कॅप्टनला द्या."

"का? मी काय थापा मारतोय?"

"तसं नाही हो मामा..."

ही तोवर कॉरिडॉरमध्ये, ऑफिसच्या फोनवर. खुर्ची गेली होती ना, मग आता आईला सांगायला कोण अडवणार! आई टीव्हीसमोर बसून हुंदके देत होती.

"आई, मामा बोलला माझ्याशी. आत्ता."

"पण टीव्हीवर तर सगळे..."

"बंद कर तो टीव्ही. मामा म्हणतो, मी चाळीस जणांना वाचवलं."

आईने टीव्ही बंद केला. मग नाक ओढत म्हणाली, "म्हणजे चार. तोच आहे गं माझा भाऊ!"

आत आली तर तुफान बटण दाबत होता. सगळे सुखरूप! कॅप्टनने सगळी डोकी मोजली होती, बचाव पथकानेही हेलिकॉप्टरमधून बघून तेच सांगितलं. त्या चॅनेलची पट्टी गुपचूप गायब. बातमीखाली नाव मात्र तुफानचं.

तो खुर्चीवरूनच वळून म्हणाला, "कॅप्टन म्हणतोय, तुझ्या मामाने चौघांना ओढून काढलं."

ही जी हसत सुटली!

निघताना बॉसबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये. खुर्ची तुझीच आहे."

आता खरं सांग हं. बोट बटणावर आहे, कोणाला काही माहीत नाही, तू उठली असतीस?