तव्यातला मासा

जज ऑरव्हिल टँगेन यांच्याकडे मला, वर्ना लाहतीला, सेक्रेटरीची नोकरी मिळाली ती न हसल्यामुळे. मुलाखतीला आम्ही चौघी होतो. प्रत्येकीला त्यांनी आत बोलावून एकच विनोद सांगितला. परवाना नसताना ट्राउट पकडल्याबद्दल एक म्हातारा कोर्टात उभा असतो. जज विचारतो, "मासा पकडलास?" म्हातारा म्हणतो, "नाही साहेब, तो आपण होऊन आला." "मग तव्यात कसा गेला?" "बाहेर थंडी फार होती, साहेब."

बाकीच्या तिघी हसल्या. मी वही उघडून पुढच्या वाक्याची वाट पाहत बसले.

"संपला," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

"सोमवारपासून या, लाहतीबाई."

आमचं गाव मिनेसोटाच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावर. साहेब आधी तिथेच वकिली करत. गॉर्डन संडक्विस्ट हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, तोही वकील. हिवाळ्यात दोघं गावामागच्या गोठलेल्या तळ्यावर एकाच लाकडी खोपटात बसायचे, बर्फाला भोक पाडून गळ टाकायचे आणि एकमेकांचा अपमान करायचे. मग राष्ट्राध्यक्षांनी साहेबांना फेडरल जज नेमलं, तेही तहहयात, सिनेटने मान डोलावली, आणि त्या हिवाळ्यात साहेबांनी स्वतःचं वेगळं खोपटं बांधून ते तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. ज्याचे खटले आपल्यापुढे येणार त्याच्या थर्मासमधली कॉफी प्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. पण साहेब स्वतःच्या निकालावर अपील चालू देत नसत.

माशाचा विनोद ते प्रत्येक नव्या ज्यूरीला सांगत. लोक घाबरलेले असतात, जरा मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. ज्यूरी हसायची. दोन्ही बाजूंचे वकील हसायचे, आरोपीही हसायचा. एकदा गॉर्डन संडक्विस्टचा खटला लागला आणि तोही हसला. खोपटात हाच विनोद ऐकून ज्याने साहेबांच्या अंगावर आमिषाच्या माशांचा डबा उपडा केला होता, तो गॉर्डन टाय नीट करून व्यवस्थित हसला.

त्या संध्याकाळी साहेब उशिरापर्यंत खुर्चीतून उठले नाहीत.

"लाहतीबाई, मला कोणी काढू शकत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. वर्तन चांगलं असेपर्यंत."

"विसराळूपणा म्हणजे वाईट वर्तन नव्हे. मी पार कामातून गेलो तरी हे लोक 'थँक यू, युअर ऑनर' म्हणत राहतील. तेव्हा तुम्ही मला सांगायचं."

"मी? कसं सांगू?"

"सुचेल तुम्हाला. तोपर्यंत हसू नका म्हणजे झालं."

मी हसले नाही. पुढे कागदगिरणीने सरोवरात घाण सोडण्याचा खटला आला. साहेबांनी गिरणीविरुद्ध निकाल दिला, आणि तो हिवाळाभर चर्चच्या बाकावर त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. गिरणीत माझा भाऊ होता. नाताळच्या जेवणाला त्याने मला बटाटे वाढले नाहीत. साहेबांनी सरकारविरुद्ध निकाल दिले, सरकारच्या बाजूनेही दिले. दरवर्षी नव्या नागरिकांना शपथ दिली आणि त्यांना मासाही सांगितला. इंग्रजी जेमतेम येणारी ती माणसंसुद्धा हसली, त्यांना तर हसायला उशीर करून चालणार नव्हतं. दरवेळी साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत. मी माझ्या जागी बसून पेन्सिलीला टोक करत असे.

अशी आमची नोकरी झाली. केस पांढरे झाले, दोघांचेही.

मग एका वसंतात त्यांनी एका तरुणाला चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणात चार वर्षांची शिक्षा सुनावली. पाणी प्यायले, कागद सारखे केले आणि त्यालाच पुन्हा सहा वर्षांची सुनावली. बचावाचा वकील म्हणाला, "थँक यू, युअर ऑनर." सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "थँक यू, युअर ऑनर." नंतर आमच्या कारकुनाने दोघांना बाजूला घेतलं आणि शिक्षा चारवर मिटली. आरोपीला वाटलं, त्याला दहा वर्षं झाली. तुरुंगात नेणाऱ्या शिपायाने वाटेत त्याची समजूत घातली.

त्या दिवशी मी दार लोटून आत गेले.

"साहेब, एक बोलायचं होतं."

"बोला."

"कॉफी आणू?"

"आणा."

उन्हाळाभर मी अशी बरीच कॉफी आणली. कारकून म्हणायचा, "बाई, तुमचंच ऐकतील ते." मी म्हणायची, "मग तूच सांग की माझ्या नावाने." साहेब सकाळी भांग पाडून, बूट चमकवून यायचे. कोर्ट सोडून त्यांना दुसरं घर उरलं नव्हतं. आणि दर सोमवारी कोणीतरी त्यांच्यासमोर उभं राहून आपली किती वर्षं जाणार याची वाट पाहत असायचं. या दोन्हींच्या मधे मी ट्रे घेऊन उभी.

नोव्हेंबरात नवी ज्यूरी बसली. साहेबांनी मासा सुरू केला. म्हातारा आला, परवाना नव्हता, मासा आपण होऊन आला. "मग जज विचारतो, तव्यात कसा गेला?"

आणि ते थांबले.

आधी सगळ्यांना ती लकबच वाटली. मग साहेबांनी छताकडे पाहिलं. मग समोरच्या पाण्याच्या ग्लासात पाहिलं, जणू उत्तर तिथे असेल. वकिलांनी तोंडं हसायला तयार ठेवली होती, पण कुठे हसायचं ते कळेना. ज्यूरीतल्या एका बाईने पर्स घट्ट धरली.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. माझं पाहून ज्यूरी हसली, वकील हसले, शिपाईसुद्धा हसला.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ज्यूरीला कॉफीची सुट्टी दिली.

आत गेल्यावर त्यांनी झगा काढला, खांद्याला खांदा जुळवून हँगरला लावला.

"शेवट काय आहे त्याचा?"

"बाहेर थंडी फार होती, साहेब."

"हं. आता वाटतो चांगला?"

"नाही साहेब. कधीच नव्हता."

"तरी हसलात."

मी वही उघडली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "राष्ट्राध्यक्षांना. आज मी पद सोडत आहे. आपला, वगैरे." मग खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. "आणि ही ज्यूरी दुसऱ्या जजकडे पाठवा. त्यांना म्हणावं, मासा अर्धा झालाय."

"अजून काही?"

"गॉर्डनला फोन लावा. तळ्यावर बर्फ धरलाय का विचारा. माणूस बसण्याइतका."

गॉर्डन तेव्हा निवृत्त झाला होता आणि त्याला ऐकायला कमी येत होतं. मी तीनदा ओरडून सांगितलं.

"दोन माणसं बसण्याइतका धरलाय," तो तिकडून ओरडला. "कॉफी मी आणतो. पण वर्ना, त्याला सांग, मासा सांगायला लागला तर भोकात ढकलीन."

मी फोनवर हात ठेवून साहेबांना शब्द न् शब्द सांगितलं.

साहेब कोट चढवू लागले.