पळत्या हरणावर

आमच्या शेतावर पळत्या हरणावर गोळी झाडायची नाही. नियम माझ्या नवऱ्याचा, लौरेन्सचा. हरीण थांबेल, मान वर करेल, तेव्हाच चाप ओढायचा. आणि ज्याच्या गोळीने जनावर जखमी होऊन पळेल, त्याने पायी मागावर जायचं, त्याचे हाल संपवायचे, खांद्यावरून घेऊन यायचं आणि खिंडीतली आपली जागा सोडायची. कायमची. लौरेन्स गेला, नियम राहिला.

खिंडीतली पहिली जागा म्हणजे उजव्या हाताचा दगडी आडोसा. घोडेस्वार कळप हाकत आणतात तेव्हा हरणं आधी तिथूनच जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून ती जागा माझी. यंदा माझ्या मुलाने, वायनांटने, ती बायकोला देऊन टाकली.

"मा, तुझे गुडघे दुखतात," म्हणाला. "तू मार्लीझच्या मागे बस. तिला कॉफी देत राहा."

कॉफी! माझे गुडघे दुखतात, डोळे नाही.

मार्लीझ समुद्राकडची. तिकडे लाकडी डुक्कर रुळावरून पळवतात आणि माणसं त्यावर नेम धरायला शिकतात. त्यात हिला बक्षिसं मिळालीत. लाकडाला आतडी नसतात, हे मी तिला पहिल्याच जेवणाला ऐकवलं होतं.

"खरंय, मा," ती म्हणाली. "म्हणून जवळून, आडवं आणि कळपाबाहेर पळत असेल तरच मी मारते. नाहीतर बंदूक खाली."

"आणि आमचा नियम?"

"वायनांट म्हणाला, यंदा चालेल."

वायनांट म्हणाला! बापाचा नियम पोराने बायकोला आहेर करून टाकला.

त्या सकाळी झुडपांवर हिव पांढरं पडलं होतं. समोरच्या आडोशात वायनांट आणि खाली, खिंडीच्या तोंडाशी, शेजारचा सारेल. सारेल माझ्या वयाचा, पण जीभ अजून पोरसवदा.

पहिला कळप आला. एक नर फुटून आमच्या पुढून आडवा निघाला. मार्लीझच्या बंदुकीची नळी त्याच्याबरोबर अशी सरकली, जणू दोघांची आधीच बोलणी झाली होती. आवाज झाला आणि तो नर पुढच्या पायांवर बसला तो उठलाच नाही.

"अरे वा, सूनबाई!" सारेल खालून ओरडला. टाळ्या वाजवल्या मेल्याने. "आलेटा, तुझं दुकान बंद झालं गं!"

मी कॉफी ओतली. अर्धी तिच्या कपात, अर्धी दगडावर.

दुसरा कळप आला तो गच्च. हरणं चारी पाय ताठ करून उड्या मारत होती, एकीच्या पोटामागे दुसरी. सगळे हरणांकडे बघत होते. मी बघत होते तिच्याकडे. ती गाल बंदुकीच्या लाकडाला कसा टेकवते, श्वास कुठे धरते, केस किती चापून बांधलेत, सगळं. मला दिसलं, तिने बोट चापावरून काढलं आणि नळी खाली केली.

आणि तरी गोळी सुटली. खिंडीत आवाज सगळीकडून येतो. एका मादीचा मागचा पाय लोंबला आणि ती तीन पायांवर उतार चढून पलीकडे गेली.

सारेल धापा टाकत वर आला. वायनांटही आला.

"पोरी," सारेल म्हणाला, "एक पडलं की हाव सुटते. असंच होतं."

वायनांट आपल्या बुटांकडे बघत राहिला, लहानपणी काही फोडलं की बघायचा तसा. मार्लीझने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग टोपी घातली, बंदूक उचलली आणि उताराकडे निघाली.

मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. जागा आपोआप माझ्या पदरात पडत होती. मी मिटलंही होतं. पण तिची ती पाठ बघितली आणि माझा जळफळाट झाला. माझ्या पोराची लाज झाकायचा हक्क हिला कुणी दिला? ते काम माझं. याचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून माझं.

"थांब गं," मी म्हणाले. "वायनांट, टोपी घाल. गोळी तुझी आहे."

"मा!"

"मा काय, मा? हिचं बोट चापावर नव्हतं. मी हिच्यावरून नजर हलवलेली नाही."

"अख्खी सकाळ?" सारेलने विचारलं.

"तू गप रे. टाळ्या वाजवायला आलास की शिकारीला?" मी पोराकडे वळले. "बायकोला टाळ्या मिळाल्या आणि तुझ्या पोटात दुखलं. दुखू दे. पण त्यासाठी गच्च कळपात गोळी घालतात? आणि वर तिला जाऊ देत होतास! समोरची जागा आजपासून तुझी नाही."

त्याचे कान लाल झाले. निघाला.

मार्लीझही त्याच्या मागून.

"तू कुठे?"

"एकट्यानेच जायचं, असं नियमात आहे का, मा?"

नव्हतं. लौरेन्सला ते सुचलंच नसणार.

बऱ्याच वेळाने टेकाडापलीकडे एकच आवाज झाला. मग दोघं माथ्यावर दिसली. मादीचे पुढचे पाय मार्लीझच्या खांद्यावर, मागचे वायनांटच्या. तो काहीतरी बोलत होता, खाली मान घालून. तिने मागे हात करून त्याची बाही धरली होती.

"आलेटा," सारेल म्हणाला, "ओझं वाटून घेतायत. चालतं का तुमच्यात?"

लौरेन्सच्या घरात इतके हिवाळे काढले, माझ्या खांद्यावरचं अर्धं कुणी कधी घेतलं नाही. मागितलंही नाही म्हणा मी. पण घेतलं नाही.

"सावकाश उतरा!" मी वर ओरडले. "दगड सुटे आहेत तिथले!"

"हो, मा," दोघं म्हणाली. एकदमच.