दोन ठोक्यांची हसरी

मित्रांनो, माझे दार सदा उघडे दिसते म्हणून मला मोडका समजू नका. मी जुना पिंजरा आहे खरा, पण माझी कडी अजून ठणठणीत आहे. एका घड्याळजींनी ती घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगपासून बनवली आणि मला त्यांच्या आजारी पत्नीच्या खाटेशेजारी, खिडकीत टांगले. बाईंना अंथरुणावरून उठता येत नसे.

माझ्यात हसरी राहायची. ती म्हणजे कबुतराच्या जातीतला, सायीच्या रंगाचा पाळीव होला, मानेवर काळी कंठी. दोनदा घुमायची आणि मग चक्क माणसासारखी खिदळायची. बाईही हसायच्या. मी आपला उगाच भाव खायचो, जणू ते हसू माझेच!

एका सकाळी दाणे घालून झाल्यावर घड्याळजी कडी लावायला विसरले. हसरी उडून गेली, आणि बाईंचे जेवणावरचे मनच उडाले.

आठवड्याने घड्याळजी गच्चीवरून धापा टाकत आले. "अगं, सापडली बघ!" हातातल्या पाखराला तशीच कंठी होती. बाई त्या दिवशी पोटभर जेवल्या. पण दांडीवर पंजे टेकताच मी ओळखले. हा अंगाने मोठा, रंगाने किंचित राखट, पंखांची टोके काळसर. हसरीचा रानातला चुलतभाऊच तो! दाण्याला शिवेना, गजांवर धडका देई. बाहेर तारेवर त्याची जोडीदारीण बसून असे. मला बोलता आले असते तर!

चौथ्या दिवशी तो घुमला. एक, दोन, तीन. हसला मात्र नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "जन्म गेला तुमचा घड्याळं कानाला लावण्यात. तीन ठोके ऐकू नाही आले?"

घड्याळजी खाली बघत म्हणाले, "गच्चीवर घुमला तेव्हाच ओळखलं होतं गं. पण तू दोन घास जेवलीस ना."

"मी जेवेन. शब्द देते. पण याला सोडा. तिकडे तारेवर तीही उपाशीच असेल."

घड्याळजींनी माझे दार उघडले आणि पुन्हा लागू नये म्हणून दोऱ्याने बांधून टाकले.

आता ती जोडी रोज तारेवर घुमते. जेवताना बाई मनात मोजतात. दोन झाले की त्यांचा घास हातातच थांबतो. मग तिसरा येतो. त्या मुकाट्याने घास गिळतात, कारण शब्द दिला आहे. मलाही हसरीची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या खिडकीत काळ्या कंठीचा पाहुणा आला तर झडप घालू नका. आधी ऐका. तीन ठोके आले, तर त्याला त्याच्या आभाळात राहू द्या. दोन ठोके आणि वर हसू आले, तर तिला एवढेच सांगा, दार उघडे आहे आणि दाणे रोज ताजे असतात.