कडक बाजू खाली

धाकटीला रक्त बघवत नसे. माणसांचे गुडघे दुरुस्त करायला निघालेल्या बाईला रक्त बघवू नये, यावर प्रयोगशाळेत पुष्कळ हसून झालं होतं. पण तिचं काम बूच बनवण्याचं होतं, ते बसवण्याचं नव्हे. शेंगदाण्याएवढं पांढरं, सच्छिद्र बूच. खालच्या टोकात हाडातला क्षार ठासून भरलेला, वर जावं तसा तो कमी कमी होत गेलेला आणि वरचं टोक नुसतं जिलेटीनचं. खालून हाडाच्या पेशींनी शिरावं, वरून कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत गादी असते तिच्या पेशींनी. आणि दोघींची घरं बांधून झाली की बुचाने मुकाट्याने विरघळून जावं. इतका निःस्वार्थीपणा माणसांत सापडायचा नाही.

बुचं मेंढ्यांच्या गुडघ्यांत बसवली होती आणि मेंढ्या झकास चालत होत्या. आता माणसांची पाळी, आणि बुचं बसवणाऱ्या डॉक्टरांनी निवडलेल्या पहिल्या माणसांत धाकटीची सख्खी ताई होती. ताई बस चालवायची. डाव्या गुडघ्यातली गादी हाडाच्या टवक्यासकट निघाली आणि क्लच दाबणं संपलं. तेव्हापासून तिला डेपोत तिकीटखिडकीवर बसवलं होतं, आणि खिडकीवरचा सगळा राग ती घरी येऊन भांड्यांवर काढायची. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं.

"ताईच्या आधी एकदा बघून तरी घे," असं डॉक्टर म्हणाले, म्हणून शेवटच्या मेंढीच्या वेळी धाकटी मन घट्ट करून आत उभी राहिली. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, बूच काढलं, दोन्ही टोकांना नखाने हळूच दाबून पाहिलं आणि एक टोक खाली करून गुडघ्यातल्या भोकात बसवलं.

धाकटी ओरडलीच. रक्तामुळे नव्हे. वर राहिलेलं टोक क्षाराचं होतं, ते ती नुसत्या नजरेने ओळखायची.

"सर, हे उलटं बसलं."

"उलटं कसं? कडक बाजू खाली. तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. प्रयोगशाळेत बुचाला हात लावायचा तो आधी भिजवून, अशी रीतच होती. भिजलं की जिलेटीनचं टोक लोण्यासारखं होतं आणि क्षाराचं टोक घट्ट राहतं. डॉक्टर मात्र बूच कोरडंच बसवत, त्याने हाडातलं रक्त टिपून घ्यावं म्हणून. आणि कोरडं असताना सगळा कारभार उफराटा! जिलेटीन वाळून शिळ्या पावासारखं टणक, क्षाराचं टोक खडूसारखं भुसभुशीत. दोघंही आपापल्या जागी शहाणी, आणि त्यांच्या शहाणपणात बूच बिचारं डोक्यावर उभं.

"सगळ्या मेंढ्यांना असंच बसवलंत?"

"सगळ्यांना. नखाने बघूनच," डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांचाही चेहरा उतरला. "पण त्या चालतात की गं!"

"चालतात."

"मग हे काढून फिरवू?"

धाकटीच्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. मेंढी किती वेळ थांबणार? डॉक्टरांनी बूच तसंच ठेवून टाके घातले.

बाहेर आवारात आधीच्या मेंढ्या चरत होत्या. धाकटी कुंपणाला टेकून त्यांच्या पायांकडे बघत राहिली. आपण इतकी वर्षं खपून सुलटं बूच बनवलं आणि मेंढ्या बऱ्या झाल्या त्या उलट्याने. म्हणजे आपलं गणितच चुकलं? की शरीर स्वतःच ठरवतं, कुठे हाड आणि कुठे गादी, आणि आपलं बूच नुसतं निमित्ताला? की आज ना उद्या या लंगडणार आहेत? तपासावं तर आतली बुचं विरघळून गेलेली. सगळ्यात वाईट विचार तर नंतर आला: सुलटं बूच अजून कोणाच्याही गुडघ्यात गेलेलंच नव्हतं.

घरी ताई पलंगाच्या कडेला बसून डाव्या पायाने भिंत दाबत होती. क्लचचा सराव. धाकटीने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं.

"वरची बाजू, खालची बाजू लिहायला काय झालं होतं?" ताई म्हणाली. "खोक्यावरसुद्धा लिहितात."

"रंग आत झिरपतो. बाहेरचं काही चालत नाही त्यात."

"बरं. मग मला कसं बसवणार? उलटं की सुलटं?"

"मला माहीत नाही, ताई."

"तुला माहीत नाही?" ताई हसायला लागली आणि मधेच थांबली. "अगं, मेंढ्या चालतात ना? मग मला उलटंच घाला. मी कुठे तक्रार करतेय?"

"का चालतात तेच कळत नाहीये. कळेपर्यंत तुझ्या गुडघ्यात काही जाणार नाही. मी सरांना फोन करून थांबवलंय."

"मला न विचारता?"

"हो."

"किती दिवस?"

"पुन्हा मेंढ्यांपासून सुरुवात. वर्ष जाईल. जास्तही."

ताईने पाय भिंतीवरून खाली घेतला. "तुझा गुडघा असता तर काय केलं असतंस? खरं सांग."

धाकटीला खोटं सुचलं असतं तर बरं झालं असतं. "घातलं असतं," ती म्हणाली. "उलटं."

"मग सगळी भीती माझ्याच गुडघ्याला?" ताईचा आवाज चिरकला. "वर्षभर त्या खिडकीत बसून माझीच बस दुसऱ्याच्या हातात जाताना बघू मी? इतकी माया नको करूस गं माझ्यावर. झेपत नाही मला."

धाकटी रडली. ताई रडली नाही, आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

सकाळी धाकटी तिला डेपोपर्यंत सोडायला गेली. तिकीटखिडकीचा कट्टा उंच होता, पायऱ्या अरुंद. धाकटीने हात पुढे केला. ताईने तो घेतला नाही. कठड्याला धरून, दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवत ती एकटीच चढू लागली. मध्यावर दम लागला तशी थांबली आणि मागे न बघता खांद्यावरची पिशवी काढून तिने धाकटीकडे दिली.