वीतभर अंतर

मित्रांनो, मी पृथ्वीचा गोल. जुना, एका बाजूने पोचा आलेला, आता माळ्यावर पडलेला. माझे समुद्र पुसट झालेत, पण स्मरण शाबूत आहे, म्हणून सांगतो.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवल्या, वर नकाशाचे कागद डकवले, झाली पृथ्वी! मला घेतलं विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका गृहस्थांनी. मुलं परदेशी निघालेल्या आया त्यांच्या टेबलापुढे बसून डोळे पुसायच्या. "किती हो लांब?" मग ते पंजा ताणून माझ्यावर ठेवायचे. अंगठा या विमानतळावर, करंगळी त्या विमानतळावर. "अहो, वीतभर तर अंतर! नऊ तासांत लेक दारात." आया हसायच्या. लोक त्यांना वीतवालेच म्हणायला लागले. माझाही काय तोरा होता तेव्हा! रोज मऊ फडक्याने पुसत मला.

त्यांची एकुलती एक लेकही तशीच वीतभर अंतरावर गेली.

पुढे त्यांच्या बायकोने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मुलीला बोलावून घ्या." लेक मिळेल त्या विमानाने निघाली. आईला एवढंच हवं होतं, पोरीला एकदा डोळे भरून पाहायचं. वीतवाल्यांनी मला दुकानातून घरी आणून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं.

"कुठे आली हो?" ती विचारायची.

"ही बघ, समुद्रावर आहे." ते तिचं बोट धरून माझ्यावर टेकवायचे. किती कढत होतं ते बोट!

दुपारी फोन वाजला. वीतवाले गॅलरीत गेले, पण मला सगळं ऐकू आलं. वाटेत वादळ होतं, विमान अर्ध्यातून माघारी फिरलं होतं. लेक हुंदके देत होती, "बाबा, आता उद्याशिवाय विमानच नाही. आईला धीर द्या."

ते तोंडावर पाणी मारून आत आले.

"कुठे आली?"

त्यांनी तिचं बोट उचललं आणि पुढे सरकवलं. मी काय बोलणार? पुठ्ठ्याला कुठली आलीय वाचा! ती विचारत राहिली, ते बोट पुढे नेत राहिले. समुद्र संपला, डोंगर संपले. उन्हं कलताना बोट या विमानतळावर टेकलं.

"उतरली बघ," ते म्हणाले.

"मग दार उघडं ठेवा. ताटकळेल पोर." तिने डोळे मिटले. बोट माझ्यावरून घसरलं.

लेक दुसऱ्या दिवशी आली. दार सताड उघडंच होतं. वडिलांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "वीतभर म्हणे!" असं ओरडून तिने मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. तोच हा पोचा. तिचा मला राग नाही.

वीतवाल्यांनी तिकिटं विकणं सोडलं. कधी माळ्यावर येतात आणि पोच्यातली धूळ तेवढी बोटाने काढतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. फक्त एखाद्या आईने "किती लांब?" विचारलं, तर माझ्यावर हात ठेवू नका. तिचा हात धरा आणि खरं सांगा, खूप लांब.