पेरिनाचे नवे विंच

पासष्टीच्या पेरिनाने होडीवरचे, शिडाचे दोर ताणायचे जुने विंच काढून नवे बसवायचं ठरवलं, तेव्हा बेटिना गावच्या धक्क्यावर ज्याला त्याला अक्कल सुचली. कोणी म्हणालं, इंजिन आहे की, शिडं कशाला हवीत. कोणी म्हणालं, या वयात बाईने परसात कोबी लावावा. पेरिनाने कोणालाच भीक घातली नाही. दिवसभर धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्या हाकणाऱ्यांचं काय ऐकायचं?

जुने विंच काशाचे, वापरून गुळगुळीत झालेले. त्यांना दोन माणसं लागत. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने दोराचं टोक ताणून धरायचं. नाहीतर दोर घसरतो आणि शीड नुसतं फडफडत बसतं. एक्केचाळीस वर्षं तिचा नवरा क्रशेवान दांडा फिरवत आला आणि पेरिना टोक धरत आली. दोन वर्षांपूर्वी क्रशेवान वारला. नव्या विंचाच्या डोक्यावर दातेरी खाच असते. दोर तिच्यात अडकवला की ती आपणच घट्ट धरून ठेवते, म्हणजे एकट्या माणसाचं भागतं.

ते बसवत होता ल्यूबो, क्रशेवानचा पुतण्या. पन्नाशीचा गडी, हाताला गुण, पण जिभेला हाड नाही.

"काकू, शिबेनिक शहरातला तो दातांचा डॉक्टर अजून विचारतोय. होडी आजच्या आज विकत नेतो म्हणतो."

"त्याला म्हणावं, दात कोर गपगुमान."

"हसण्यावारी नेऊ नका. उद्या खडकावर जाऊन आपटलात तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल. काकांनी होडी माझ्या भरवशावर ठेवली होती."

"होडी ठेवली असेल. मला नाही ठेवलं."

शेवटी दोघांचं ठरलं. गालेबिना खडकाला वळसा घालून होडी परत आणायची, नुसत्या शिडावर, एकटीने. ल्यूबो पुढे बसेल, पण चकार शब्द काढणार नाही. जमलं तर होडी तिची, नाही जमलं तर डॉक्टरची.

होडी का हवी हे पेरिनाने कोणाला सांगितलं नव्हतं. घरातून क्रशेवान केव्हाच निघून गेला होता. त्याचे कोट नणंदेने नेले, त्याच्या खुर्चीत मांजर झोपायला लागलं. होडीत मात्र तो अजून होता. सुकाणूपाशी जिवाचा कान करून बसलं की तिला तो ऐकू यायचा. त्या आवाजाने जीव तुटायचा, आणि तरी तिथून उठवत नसे.

दुपारी मायेस्त्राल वारा सुटला तशी दोघं निघाली. पेरिनाने सुकाणू गुडघ्यांत धरलं, दोराचे तीन वेढे घेतले, खाचेत अडकवला, दांडा फिरवला. विंचाने दोर असा धरला की क्रशेवाननेही तोंडात बोट घातलं असतं. ल्यूबो मान डोलावत होता. खडक जवळ आला. आता दोर सोडायचा, शीड पलटवायचं, वळायचं. पेरिनाचा हात दोरावर तयार होता. तो तसाच राहिला. पाण्याखालचे दगड दिसायला लागले तरी तसाच राहिला.

ल्यूबोने झेप घेऊन दोर उपसला आणि सुकाणू ढकललं. होडी खडकापासून हातभर अंतरावरून निघाली.

"काकू, विंच अडकला का?"

"विंच ठीक आहे."

"मग सोडला का नाहीत?"

पेरिनाने सुटलेला दोर गोळा केला. मग म्हणाली, "तुझे काका म्हणायचे, सोड पेरिना, की मी सोडायची. त्यांनी म्हटल्याशिवाय मी कधी सोडलाच नाही रे. त्यांच्या हाकेची वाट बघत होते."

 ल्यूबोने हळूच विचारलं, "मी देऊ हाक?"

"तुझी नको. परत फिरव, पुन्हा जाऊ."

दुसऱ्या खेपेला तोच वारा, तोच खडक. ल्यूबो ओठ मिटून पुढे बसला. पेरिना ऐकत होती. पाणी ऐकू येत होतं, शिडाच्या काठाची फडफड ऐकू येत होती. तिने आणखी थोडं थांबून पाहिलं. क्रशेवानचा आवाज आला नाही. मग तिने दोर खाचेतून उचलला आणि सोडून दिला. शीड पलटलं. दुसऱ्या बाजूच्या विंचाने दोर पकडला, चार वेळा दांडा फिरला, होडी वळली. इतकं सोपं होतं मेलं.

"जमलं की काकू. होडी तुमची," ल्यूबो म्हणाला, आणि मग गांगरला. "आता रडताय कशाला?"

"दोन वर्षं लोकांना सांगत होते, ते गेले म्हणून. आज गेले रे. आज मी त्यांच्यावाचून वळले."

 ल्यूबो मागे सरकून विंचाच्या दांड्याला हात लावायला गेला, तर तिने त्याचा हात बाजूला केला. बंदरापर्यंत आणखी तीनदा वळायचं होतं. तिन्ही वेळा तिने दोर वेळेवर सोडला.