आई फोन कट करत नाही

सर्व्हर पडला की तेजलचा सहकारी विशाल ओरडायचा, "गेला रे, गेला!" इस्पितळात असं ओरडू नये एवढीही अक्कल नाही या माणसाला. बाहेर बाकावर बसलेले पेशंटचे नातेवाईक दचकायचे आणि आत तेजल तो परत चालू करायला धावायची.

सर्व्हर तिचाच ना. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली अशी तीन इस्पितळं, ट्रस्ट एकच. पूर्वी नर्सला केसपेपरचा एक पासवर्ड, लॅबच्या रिपोर्टचा दुसरा, औषधांचा तिसरा. बिचाऱ्या तळहातावर पेनने लिहून फिरायच्या. तेजलने आठ महिने राबून सगळ्याला मिळून एकच दार केलं. सकाळी एकदा नाव आणि पासवर्ड टाका, मग दिवसभर सगळं उघडं. नर्सनी तिला पेढे भरवले होते हो! आणि आता तेच दार रोज बंद पडत होतं. सर्व्हरची मेमरी भरत भरत दुपारपर्यंत काठोकाठ यायची, मग तिन्ही इस्पितळांत कुणालाच काही उघडेना. बंद करून चालू केला की मेमरी रिकामी आणि सगळं झकास. दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं.

आज चारला ट्रस्टींची बैठक होती. आजही पडला तर जुने पासवर्ड परत आणणार, असं प्रशासक शुभा मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे आठ महिन्यांवर पाणी. तेजलला त्याहून जास्त टोचत होते ते मधुकर सर. हे तिचे साहेब. ट्रस्टींनी बाहेरच्या कंपनीचं नाव काढलं तेव्हा "आमची तेजल करेल" म्हणून हेच गृहस्थ अडून बसले होते. त्यांची मान खाली जायला नको.

"मेमरी अजून वाढव यार," विशाल म्हणाला.

"दोनदा वाढवली रे! वाढवली तर उलट लवकर भरतेय. डोक्याला शॉट नुसता."

तिने भरलेल्या मेमरीची प्रत काढून आत काय साठलंय ते पाहिलं होतं. साठली होती ती सेशन्स. कुणी लॉगिन केलं की त्या माणसाचं एक सेशन मेमरीत बसतं, लॉगआउट केलं की उठून जातं. तीन इस्पितळांची माणसं, सेशन्स खूप असणारच, असं म्हणून तिने तिकडे दुर्लक्ष केलं आणि स्वतःच्या कोडमधली एकेक ओळ चाळत बसली. काही सापडेना. त्यात दर थोड्या वेळाने मधुकर सर केबिनमधून डोकावणार. "चाललंय ना गं नीट?" विचारताना हसायचे, पण चेहरा पार उतरलेला.

अकराच्या सुमारास आईचा फोन आला.

"जेवली का?"

"आई, अकरा वाजलेत."

"मग डबा उघडून ठेव. आज तुझी मीटिंग ना? होईल सगळं नीट, घाबरू नको. जय भीम." आणि नेहमीप्रमाणे फोन कट न करताच कमलताईंनी तो ओट्यावर ठेवला. वीस वर्षं मुंबईत राहूनही ही खोड गेली नव्हती. आपलं बोलून झालं की त्यांच्या हिशेबी फोन संपला. इकडे फोडणीचा आवाज, कुकरची शिट्टी, शेजारणीशी गप्पा, सगळं ऐकू येत राही. बाबा करवादायचे, "लाइन अडकून राहते गं, कट कर की!"

तेजल कट करायला गेली आणि तिचा अंगठा तसाच राहिला.

आत येतंय, काम झालंय, पण बाहेर कुणी पडतच नाही. सेशन्स किती आहेत हे तिने दहादा मोजलं होतं. कुणाची आहेत हे एकदाही पाहिलं नव्हतं! तिने नावावारी यादी काढली. नर्सची एकेक, डॉक्टरांची दोन-दोन. आणि एकाच माणसाची हजारो.

"अरे देवा," विशाल तिच्या खांद्यावरून बघत पुटपुटला. "हे तर आपले सर!"

तेजल उठली. ज्या माणसाने आपल्यासाठी शब्द टाकला, त्याला हे सांगायचं कसं? केबिनमध्ये जाऊन तिने सरळच विचारलं, "सर, तुमच्या मशीनवर काही चालू आहे का? सर्व्हरशी बोलणारं?"

मधुकर सर ओशाळले. "अगं, छोटंसं काहीतरी लिहिलंय मी. सर्व्हर जिवंत आहे का, ते बघायला. माझ्या नावाने लॉगिन करून बघतं, झालं की झालं."

"आणि लॉगआउट?"

"ते नाही करत गं."

"किती वेळाने बघतं, सर?"

"आधी मिनिटाला एकदा होतं. मग पडायला लागला ना, म्हणून दहा सेकंदांवर आणलं. परवापासून..." त्यांचा आवाज बारीक झाला. "सेकंदाला."

सरांकडे इस्पितळातल्या झाडून सगळ्या किल्ल्या, म्हणजे सगळं काही उघडायची परवानगी, म्हणून त्यांचं एकेक सेशनही चांगलं जाडजूड. सर्व्हर पडतो म्हणून सर काळजी करणार आणि सर काळजी करतात म्हणून सर्व्हर पडणार! तेजलला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

सरांनी कपाळावर हात मारला आणि आपलं ते प्रोग्रॅमचं पिल्लू तिथल्या तिथे बंद केलं. तेजलने त्यांची सगळी सेशन्स काढून टाकली. पडद्यावरची मेमरीची रेघ धाडकन खाली आली आणि खालीच राहिली. एक वाजला. दोन वाजले. विशाल "गेला" म्हणायला तोंड उघडून बसला होता, पण गेलाच नाही. तेजलचा जीव भांड्यात पडला.

"सर, मी मीटिंगमध्ये सांगते, एक सेटिंग चुकलं होतं म्हणून," जिन्यात ती हळूच म्हणाली.

सरांनी मानेनेच नको म्हटलं. आत गेल्यावर शुभा मॅडमनी विचारायच्या आधीच ते उभे राहिले. "सर्व्हर ठणठणीत आहे. बिघाड मी होतो." मग घडलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. ट्रस्टी आधी एकमेकांकडे बघत राहिले, नंतर खो खो हसले. सर हसले नाहीत. "या मुलीवर माझा विश्वास होता," ते म्हणाले. "धीर तेवढा नव्हता."

जुने पासवर्ड परत आणायचा विषय तिथेच संपला.

बाहेर येऊन तेजलने आईला फोन लावला. "आई, झालं गं! राहिला माझा सर्व्हर."

"मी म्हटलंच होतं. आता तरी जेवली का?"

"आत्ता जेवते."

"जेव," म्हणून कमलताईंनी फोन ओट्यावर ठेवला. तेजलने डबा उघडला आणि फोन कट न करता शेजारीच ठेवून दिला. पहिला घास घेताना पलीकडे आई शेजारणीला सांगत होती, "माझ्या तेजलने केला दुरुस्त."